केसभर

सतरा नंबरचा पाना, पान्याला हापशाचा पाइप,
पाइपाला मी.
बोल्ट ढिम्म.
पाठीखाली पोतं, पोत्याखाली खडी,
ओम्नीचं पोट नाकापासून वीतभर.

पुराच्या साली ही सांगलीत होती, वखारभागात,
दाजींच्या दारात, आरशांपर्यंत पाण्यात.
गाळ उपसला, सीटा बदलल्या, वास गेला म्हणायचा.
आट्यांच्या आतली नदी कुणी धुतली नाही.

कालपासून डिझेल पाजतेय, थेंब थेंब.
हातोडीनं ठोकलं. शिव्या दिल्या, माहेरच्या, तासगावच्या.
गॅरेजवाला म्हणालेला, कापावाच लागंल ताई.

दिवेलागणीला दस्तगीरचाचा दुकान बंद करून निघाले,
नखांत चपडा, खिशात सतारीच्या तारेचं वेटोळं.
वाकून बघितलं. म्हणाले, आधी आवळ.
आवळू?
केसभर. अडलेली खुंटी आम्ही तशीच सोडवतो.

आवळला.
हाताला काही कळलं नाही.
मग सोडायच्या बाजूला जोर लावला,
आणि किर्रर्र करत तो हलला,
तांबडी पूड पापण्यांवर,
ओठांवर जुना गाळ.

चाचा तिथंच, मान तिरकी करून.
काळी चार, म्हणाले. जरा उतरलीय.
आणि सायकल हातात धरून
सतारमेकर गल्लीकडं चालत गेले.

नळ आला होता. हंडे लावले असतील कुणीतरी.
मी तशीच पडून
पाना पुन्हा बसवला, डोळे मिटून,
अजून एकदा ऐकायला.

असे आणखी तीन आहेत.