दुसरी धार

किझिलकुमच्या वाळूत एप्रिलमध्ये कोकरं उतरतात
आणि रंग बघायला आम्हाला दोन दिवस मिळतात.
तिसऱ्या दिवशी कुरळा सैल पडतो.
म्हणून रुझीमात अंधारातच हाक देतो, "वहीवाली, ऊठ,"
आणि मी पेन्सिल दातांत धरून
मेंढ्यांच्या वाफेत उकिडवी बसते.

केस फुंकरीने उघडायचा. बोटांना तेल असतं,
तेलाने सगळंच चांगलं दिसतं.
फुंकर मारली की मुळाशी दाट काळोख
आणि टोकाला उजेड.
दोघांचं जितकं पटत नाही, तितका भाव.

जुनी नावं आधीच्यांनी ठेवून दिलीत:
जर्दाळूचा मोहर. दिव्याची ज्योत.
कोण होते ते, मला ठाऊक नाही.
त्यांच्या दारात जर्दाळू होता
आणि घरात वीज नव्हती, एवढं कळतं.

ही नवी छटा अकरा वर्षांची.
पहिल्यांदा आली एका काळ्या मेंढीच्या पोटी, न सांगता.
त्या नराला रुझीमातने राखला,
त्याच्या लेकी मोठ्या झाल्यावर त्याच्याकडेच नेल्या.
माणसांत याला जे म्हणतात
ते मी वहीत 'वाण पक्का केला' असं लिहिलं.

राखाडीला राखाडी मात्र लावत नाही आम्ही.
एका साली लावली होती.
कोकरं झाली चांदीची. दूध होतं तोवर उड्या मारल्या,
गवत तोंडाला लागलं आणि पोटं फुगून गेली.
तो रंग वहीत आहे.
नावाचा रकाना कोराच.

ताश्कंदहून तिघे आले, नाव ठेवायला.
एकाला 'सुवर्णजयंती' हवं होतं,
एकाला क्रमांक. तिसऱ्याला जेवण कधी ते.
सानोबार चहा घेऊन आली,
पेल्यात ओतून परत किटलीत, रीतीप्रमाणे तीनदा:
पहिला चिखल, दुसरा तेल, तिसरा चहा.
कोकराकडे ओझरतं बघून म्हणाली,
"हा दुसऱ्यांदा ओतलेला."

सगळे वाकले. खरंच होता.
'दुसरी धार', मी लिहिलं. शिक्का बसला.

त्या वर्षी सदतीस कोकरांवर नाव नीट बसलं.
दोन नर ठेवले, नऊ माद्या.
बाकीची संध्याकाळी पत्र्याच्या शेडमध्ये नेली.
रुझीमात त्या दिवशी दाढी करत नाही,
पातं हातात नको म्हणतो.

ठेवलेल्यातला एक अजून आहे.
आता मळकट, करडा, शिंगं वळलेली,
कुठल्याही मेंढ्यासारखा मेंढा.
कोणी त्याचा रंग विचारला तर वही काढावी लागते.
तरी रुझीमात जाता जाता थांबतो,
त्याच्या मानेवर वाकतो,
फुंकर मारतो.
धूळ उडते. दोघेही शिंकतात.