टेराझो

कला शाखेच्या मोठ्या घुमटाखाली, डाव्या जिन्यानं वर,
जिथे पारव्यांची पिसं आणि निवडणुकीची जुनी पत्रकं
एकाच झाडूनं लोटली जातात,
तिथे आम्ही सहा जण इटालियन शिकतो.
सातवा मार्चनंतर आला नाही.

खोरशेद मॅडम पेरूजात दोन हिवाळे काढून आलेल्या.
फळ्यावर रकाने आखतात: इल आणि ला.
बास. दोनच.
झंखना आणि मी एकमेकींकडे बघतो.
ती गुजराती, मी मराठी, आमच्या घरी तीन रकाने.
घर ते, पुस्तक ते, पाणी ते,
मूलही ते, कुणी नावानं हाक मारेपर्यंत.
इकडे घराची बाई झाली, पुस्तकाचा बुवा,
आणि पाणी कुणाला न विचारता
बायकांच्या रांगेत जाऊन उभं राहिलं.

मग एक काळ आला, होत राहिलेल्या गोष्टींचा.
आन्दावो. म्हणजे? मॅडमनी विचारलं.
मी म्हटलं, मी जाई.
सगळे हसले.
दांडिया बाजारात आता जाई म्हणजे फक्त वेल,
तीही एकाच गॅलरीत.

तोंडी परीक्षा पडद्यावरून. परीक्षक बोलोन्याचे.
तुमच्या शहरात नदी आहे?
आहे. विश्वामित्री.
तिच्यात काय आहे?
कोकोद्रील्ली.
त्यांनी चष्मा कपाळावर नेला. बेडूक म्हणायचंय का?
नाही, मगरी. पुलाखाली.
पूर आला की सोसायटीच्या पार्किंगमध्येसुद्धा.
शब्दसंपत्तीला त्यांनी पूर्ण गुण दिले.
मगरींवर विश्वास ठेवला की नाही, कळलं नाही.

मग विचारलं, भावंडं?
आई एकदाच म्हणाली होती, भांडी विसळता विसळता,
नळ बंद न करता:
तुझ्या आधी एक होतं.
होतं.
बाम्बीनो की बाम्बीना, हे मी
अर्ध्या मिनिटात, पडद्यासमोर, कसं ठरवणार होते?
फील्या ऊनिका, मी म्हटलं. एकुलती एक.
अचूक, ते म्हणाले.

बाबा तीस वर्षं फरश्या घासतात.
पाण्याचा पाइप, मशीनची घरघर,
पहिला दगड, दुसरा दगड, शेवटी ऑक्झॅलिक.
मोरबीच्या टाइल्स आल्यापासून
मशीन जास्त दिवस जिन्याखालीच असतं.
गेल्या गुरुवारी मॅडमनी फळ्यावर लिहिलं: तेर्रात्सो.
म्हणाल्या, म्हणतात की श्रीमंतांच्या घरी काम करून
उरलेला संगमरवराचा चुरा कारागीर घरी न्यायचे,
आपल्याच गच्चीवर ओतायचे, घासायचे.
मी सायकल दामटत घरी आले, सांगितलं.
बाबा जेवत होते.
टेराझो होय, म्हणाले. तो आपला शब्द आहे.
कॉन्ट्रॅक्टर लोकांचा.
आणि ताक मागितलं.

रविवारी त्यांना राजवाडा दाखवायला नेलं.
जन्म बडोद्यातला, पण तिकीट काढून कधी आत गेले नव्हते.
दरबार हॉलमध्ये कानातल्या यंत्रानं सांगितलं
की जमीन इटलीच्या कारागिरांनी केली.
बाबांनी यंत्र काढून माझ्या हातात दिलं,
पिशवी दिली,
आणि दोरीपाशी उकिडवे बसले.
मी झुंबरं बघत होते.
इथं बघ, ते म्हणाले. हा खडा ह्या रंगात बसत नाही.
संध्याकाळ झाली असणार त्याची.
उजेड गेला असणार.
मला काही दिसलं नाही.
त्यांनी दोरीखालून हात घातला,
सिमेंटनं भेगाळलेला, नखं कायमची पांढरी,
आणि त्या खड्यावर ठेवला,
आजाऱ्याच्या कपाळावर ठेवतात तसा.

ओ काका, हाथ हटाओ, रखवालदार ओरडला.

हात. तो हात.
ला मानो: शेवटी ओ, तरी बाई.
नियमात बसत नाही. मॅडम म्हणतात,
अपवाद आहे, पाठ करा.


परतीच्या रिक्षात मी तेच करत होते.