रकाना अडतीस

माझ्या टेबलावर आलं तेव्हा त्या हाडाला नाव नव्हतं,
बरणीवर नुसता नंबर.
नाव कळलं कँटीनमध्ये,
शेजारच्या बाईंनी डबा उघडला, तांदळाच्या भाकरीचा वास आला
आणि मी विचारलं, "खेडच्या का?"
नसरीन परकार. मुलगी सफिया, चौदा वर्षांची.
दहा आठवडे औषध, मग ऑपरेशन,
गुडघ्यात आता धातू.

काढलेलं हाड मी करवतीनं उभं चिरलं,
फोटो काढला, त्यावर रेघा मारल्या,
गणिताच्या वहीसारखे रकाने, एक ते बावन्न.
मग आम्लात ठेवलं.
नसरीनबाई रोज विचारायच्या.
मी रोज सांगायचे, "भिजतंय."
जणू वाल.

"पण गाठ तर स्कॅनमध्ये होती तेवढीच दिसत होती!"
हो. हाडातली गाठ आटेलच असं नाही.
रुवीतली आमची इमारत बघा ऑगस्टात:
कुणी गावी गेलेलं, कुणाचा व्हिसा संपलेला,
मजले मात्र तेवढेच.
आत कोण उरलंय ते भिंती सांगत नाहीत.
रात्री खाली उभं राहून बघावं लागतं
कुठल्या एसीचं पाणी ठिबकतंय.

डॉक्टर बद्रिया तेच करतात, काचेवर.
गुलाबी. गुलाबी. ओसाड गुलाबी.
मेलेलं, मेलेलं, मी लिहून घेते.
दुसऱ्या कुठल्या कामात
हा शब्द इतक्या आनंदानं लिहिला असता?
नव्वदच्या वर गेलं की पुढची वाट बरी असते.
खाली राहिलं तर
त्या चष्मा पुसतात.

अडतीसमध्ये जांभळे ठिपके.
ठिबकतंय.
एकोणचाळीसमध्येही.

एकूण सत्त्याऐंशी.

"सत्त्याऐंशी! शाळेत हिला कधी एवढे पडले नाहीत,"
नसरीनबाई हसल्या,
मग त्यांनी माझा चेहरा वाचला.
त्यांच्या डॉक्टरांनी समजावलं होतं,
हा आकडा शंभर मुलांबद्दल बोलतो, एकीबद्दल नाही.
खरंच आहे ते.
तरी ते तीन टक्के
मी बसमधून घरी नेले, जेवताना समोर ठेवले.

परवा सफिया लिफ्टपाशी भेटली, कुबड्यांवर.
"माझं हाड तुमच्याकडे आहे ना? फेकलं नाहीत?"
मेणात आहे, म्हटलं. बावन्न तुकडे, खणात.
वीस वर्षं ठेवतो आम्ही.

तिनं बोटांवर मोजलं.
"म्हणजे मी चौतीस,"
आणि लिफ्ट आली.