वळण

शनिवारी माझ्या दुकानात उभं राहायला जागा नसते.
चार खुर्च्या, दोन ड्रायर, एक कुरकुरणारा पंखा
आणि जळक्या केसांचा वास,
जो घरी नवऱ्याला आधी भेटतो, मी नंतर.

सान क्रिस्तोबालच्या या गल्लीत
केसांच्या दोनच जाती, चांगले आणि वाईट.
पाळण्यातच बघून ठेवतात.
आधी केस, मग कानाची पाळी,
पोर पुढे किती काळं पडेल म्हणून.

आज डोन्या क्लारिबेलनं नात आणली,
नुरिस, सात वर्षांची. सोमवारी शाळेत फोटो.
खुर्चीत उशी घालून बसवली.
"हिला जरा वळण लाव," म्हणाली,
म्हणजे, होतं ते काढ.

फणी अडली.
"बापाकडून आलंय हे. आमच्यात नव्हतं असं."
ड्रायरखालच्या सगळ्या माना हलल्या.
प्रत्येकीच्या घरात ते कुणाकडून तरी येतं,
नेहमी सासरकडून.

माझ्या ओळखपत्रावर रंगाच्या रकान्यात
कारकुनानं लिहिलं होतं : इंदिओ, गडद.
या बेटावरचे इंदिओ कधीच मारून झाले.
माझा बाप सीमेपलीकडून ऊस तोडायला आलेला.
कारकून भला माणूस, माझ्याच रंगाचा.
"काळी लिहून तुझं नुकसान कशाला करू?"
मी आभार मानले.
दोनदा.

चिमटा तापला. नुरिसनं डोळे मिटले,
खुर्चीचा दांडा घट्ट धरला.
तिच्या केसालाही मी धक्का लागू दिला नसता,
पण धक्का लावायचेच पैसे मला मिळतात.

कानामागे एक बारीक गुंडाळी राहिली,
चिमट्यात येईना इतकी आखूड.
तिच्यावर शेजारची सरळ बट ओढून घेतली,
जसं बापाचं विल्नेर हे नाव
मी अर्जावर मानुएल केलं होतं.

"आता कशी माणसात आली!"
डोन्यानं पर्स उघडली.
नुरिसनं आरशात पाहिलं.
मान हलवली, केस हलले, तिला मजा वाटली.
पुन्हा हलवली.
मलाही अशीच वाटली होती, तिच्याएवढी असताना.

दारात तिची कॉलर नीट करत म्हटलं,
सोमवारपर्यंत पळू नकोस हं, पोरी.
घाम आला की सगळं परत येतं.