सत्तेचाळिसावं मिनिट

नव्या फ्लॅटात कपाट मावत नाही.
ब्रौलियोनं सांतियागोहून फोनवर हिशेब मांडला:
तीनशे बारा तबकड्या, चार खोकी, ट्रकचं भाडं;
आणि त्यांच्या बदल्यात महिन्याची एक वर्गणी,
तीही तोच भरणार.
"आईला फक्त बटण दाबायचंय."
आई म्हणाली, "ते तर मी आताही दाबतेच."

पुंता अरेनासला वारा सुटला की
चौकात दोर बांधतात, माणसांनी धरून चालावं म्हणून.
छपरांचे पत्रे रात्रभर बडबडतात,
इंटरनेट पहिल्याच झोताला मान टाकतं,
आणि पडद्यावर तो छोटा गोल फिरत राहतो,
घाण्याच्या बैलासारखा. तेल काही निघत नाही.

बाबांनी असल्याच रात्रींसाठी जमवल्या होत्या ह्या,
झोना फ्रांकातून, पगाराच्या शनिवारी.
इंजिनाच्या ग्रीसनं काळी झालेली बोटं,
पण तबकडी धरायचे फक्त कडांनी,
श्वास रोखून;
हनुवटीवर एक इंद्रधनुष्य सरकून जायचं.

मी जमिनीवर तीन ढीग केले:
न्यायच्या, द्यायच्या,
आणि आईशी भांडून ठरवायच्या.
तिसराच वाढत गेला.
एका डबीत सिनेमाऐवजी विजेचं बिल निघालं, भरलेलं.
एकीत कालाफातेच्या मुरंब्याचा डाग, जांभळा, अजून चिकट.

मग नदीचा सिनेमा निघाला.
फरार माणूस, मागे कुत्री, पुढे फुगलेलं पाणी.
सत्तेचाळिसाव्या मिनिटाला ओरखडा आहे.
(तो मी केला होता, सहा वर्षांची असताना, जेवायच्या काट्यानं.
कुणी विचारलं नाही.)
चित्राचे चौकोन होतात, आवाजाला उचकी लागते,
आणि माणूस एकदम पलीकडच्या काठावर,
कोरडा ठणठणीत, शेकोटीपाशी.

मधलं बाबा सांगायचे,
उभे राहून, माते ओतायची केटली हातात धरून.
एका हिवाळ्यात तो ओंडक्याला बिलगून गेला.
एका हिवाळ्यात कुत्र्यांनाच त्याची दया आली.
कंपनीनं त्यांना घरी बसवलं त्या वर्षी
तो काठावर नुसताच उभा राहिला,
इतका वेळ, की आई म्हणाली,
"एलिसेओ, आता ने रे त्याला."

काल वारा पडला होता.
ब्रौलियोच्या वर्गणीत तोच सिनेमा सापडला.
लख्ख. पानाची शीर न् शीर.
कुत्र्याच्या नाकावरचं पाणीसुद्धा मोजून घ्यावं.
खाली बारीक अक्षरांत: तीस तारखेपर्यंत उपलब्ध.
सत्तेचाळिसावं मिनिट जवळ आलं
तशी आई खुर्चीत पुढे सरकली.

एक नावाडी येतो.
माणूस खिशातली नाणी काढून देतो.
नावाडी मोजतो, एक कमी भरतं,
थोडी घासाघीस.
नाव पलीकडे लागते.

"बस?" आई म्हणाली.
मागे नेऊन पुन्हा पाहिलं. तेवढंच होतं.
"पैसे देऊन गेला की हा!"
आणि तिला हसू आलं, ते थांबेचना,
डोळे पुसत, गुडघ्यावर थापा मारत:
"सव्वीस वर्षं पोर्वेनीरच्या फेरीबोटीवर काढली ह्या माणसानं,
सव्वीस वर्षं माणसं पलीकडे नेली,
आणि होडी म्हणून काही असते
हे एकदाही सुचलं नाही त्याला!"

सकाळी ब्रौलियोला तिनंच फोन केला.
वर्गणी राहू दे, म्हणाली, चित्र छान येतं.
प्लेअर येणार. साठेक तबकड्या येणार,
कपाट नको, पलंगाखाली जागा आहे.
बाकीच्या खलाशांच्या वसतिगृहाला.

नदीचा सिनेमा कुठल्याच ढिगात नव्हता.
तो तिच्या पर्समध्ये होता,
पेन्शनच्या कागदांच्या आणि चष्म्याच्या मधे.

"ओरखडा पडलेलाच का नेतेस?" मी विचारलं.
तिनं माझ्याकडे पाहिलं.
"काटा होता ना तो?" म्हणाली,
आणि केटली भरायला उठली.