रामशेजपर्यंत

हेल्मेट त्यानं मंगळवारीच आणून ठेवलं,
शालिमारहून, माझ्या मापाचं.
माप कधी घेतलंस, विचारलं तर म्हणाला,
तू झोपली होतीस, शिवणाची टेप होती.
तेव्हापासून ते फ्रीजवर बसलंय
काच खाली ओढून,
न कळवता आलेल्या पाहुण्यासारखं.

मी एक्स-रे काढते.
द्वारकेपासून हाकेच्या अंतरावर, तळघरात, अकरा वर्षं.
'श्वास रोखा' म्हणते, 'सोडा' म्हणते,
आणि मधल्या तेवढ्यात
लोकांच्या नडग्या, खुबे, मनगटं
त्यांच्या घरच्यांआधी मला दिसतात.
चालवत होते हे, सांगतात मागे बसलेल्या,
मला काही कळलंच नाही.
टेबल पुसताना, दिवे घालवताना,
मला काही कळलंच नाही.

सुधन्वा ओझरला विमानांचे बोल्ट आवळतो.
किती आवळायचा त्याचं कोष्टक असतं, म्हणतो,
कमी नाही, जास्त नाही, खाली सही.
मोटरसायकलचेही त्यानं तसेच आवळलेत.
साडीगार्ड काढलंय, मागे दोन्हीकडे फूटरेस्ट बसवलेत.
'तुझा मशीनवर विश्वास नाही,' म्हणाला.
मशीनवर आहे रे.

'फक्त एक कर,' म्हणाला, 'वळणावर
मी झुकेन तिकडे झुक. उलटी ओढू नकोस.'
सावळघाटाबद्दल बोलत होता.
मी कणीक मळत होते.
उलटी ओढू नकोस.
हे मला आधीही कुणी सांगितलं होतं,
दुसऱ्या घरात, वाक्य हेच,
आणि मी झुकले होते, नऊ वर्षं,
मान मोडली नाही एवढंच.
त्याला ते ठाऊक आहे. म्हणून तो एकदम गप्प झाला
आणि उगाच नळ घट्ट करू लागला.
मी म्हटलं, आधी तू बस. माझ्या मागे.

गुरुवारी बसला. माझ्या जुन्या स्कूटरवर,
अशोकस्तंभ ते जेहान सर्कल,
सहा फुटांचा माणूस, गुडघे रिक्षाला घासतील असे.
हातांचं काय करावं ते कळेना त्याला:
माझ्या खांद्यावर, मग मांडीवर,
शेवटी मागच्या दांडीला.
विद्या विकासपाशी एक टेम्पो आडवा आला
आणि त्यानं ब्रेक दाबला.
उजव्या पायानं. जिथं ब्रेक नाही तिथं.
मला ते पाठीतून समजलं.
जेहानला उतरून त्यानं तळवे पुसले,
म्हणाला, भेळ खाऊ.
'घाबरलास?'
'नाही.'
मग कांदा बाजूला सारत, 'बराच.'

त्या 'बराच'ची फिल्म मी रात्रभर उजेडाला धरून पाहिली.
तडा दिसला नाही.
म्हणजे नसेलच असं नाही.
केसाएवढी चीर पहिल्या फोटोत सुटते कधी,
दहा दिवसांनी दिसते.

आज रविवार. सव्वासहा.
सीटवर दव साचलंय, तो बाहीनं पुसतो,
आधी मागची, मग स्वतःची.
मी अटी सांगते.
रामशेजपर्यंत. फाट्यावर चहा.
तिथं मी पुन्हा ठरवीन,
पुढे घाट की परतीची एसटी.
सुटे पैसे त्याच्यासमोर मोजून घेतलेत.
खांद्यावर दोनदा थोपटलं म्हणजे हळू,
तीनदा म्हणजे थांब, आणि का ते विचारायचं नाही.
'आणि एकदा?'
एकदा म्हणजे काही नाही.
हात आहे तो.

पट्ट्याखाली दोन बोटं गेली पाहिजेत, म्हणतो.
माझी मीच घालून बघते. जातात.
पाय पलीकडे टाकते.
आत सगळं लांबचं होतं,
दूधवाल्याची सायकल, वॉचमनचा रेडिओ.
जवळ फक्त माझा श्वास,
तोही रोखलेला.

सोडा, मी म्हणते, काचेच्या आतल्या आत.
काचेवर थोडी वाफ धरते.
गाडी अजून सुरू व्हायची आहे.