चौसष्ट नंबरची चिठ्ठी

गंगापूर रोडच्या हॉलमध्ये दोन दिवस
शीतगृहवाल्यांची परिषद. वायफाय माझ्याकडे.
ढाकेसाहेब म्हणाले, नाव, मोबाइल, ओटीपी,
त्याशिवाय कुणाला आत सोडू नका.
गेल्या वर्षी शेजारच्या लॉन्सवरच्या वऱ्हाडाने
आपलं सगळं नेट पिऊन टाकलं होतं.

खरं होतं ते. दार हवंच.
पण दाराला कान कशाला?

तीनशे चिठ्ठ्या कापल्या,
प्रत्येकीवर एक नंबर, एक पासवर्ड,
आणि आईच्या चकलीच्या डब्यात घालून खुळखुळवल्या.
गायधनीबाई गळ्यातलं कार्ड बघायच्या,
डबा पुढे करायच्या: घ्या, न बघता.
आत आलेला आपलाच, एवढं मला कळायचं.
कोण, ते डब्यालाही नाही.

दुपारी एकशे सतराने अख्खा सिनेमा उतरवायला घेतला.
मी एकशे सतरा तोडला.
तिसऱ्या रांगेत एकाने फोन हलवला, खिडकीकडे धरला,
मग अमोनियाच्या गळतीवरचं भाषण
फारच मन लावून ऐकू लागला.

माझ्या पडद्यावर नुसते नंबर आणि साइटची नावं.
चौसष्ट: लासलगावचे कांदाभाव.
चौसष्ट: कॅन्सरचं एक हॉस्पिटल.
परत तेच. परत.

चहाच्या वेळी कुणाच्या तरी बशीखाली चिठ्ठी दिसली,
सहा, आणि अंगठ्याआडून चाराचं शेपूट.
मी मान वळवून साखर मागितली.
मला साखर चालत नाही.

संध्याकाळी कॉम्प्रेसरवाल्या कंपनीचा माणूस आला,
कोण कुठल्या सत्राला किती वेळ बसलं, यादी द्या,
स्टॉलचे पैसे भरलेत आम्ही.
म्हटलं, डब्याला विचारा.

घरी जाताना रामकुंडावर थांबलो.
आजोबा गेले त्या वर्षी इथेच गुरुजींनी
लांबुळकी वही उघडली होती:
पणजोबांची मोडी सही, तिच्याखाली वडिलांची,
आणि आता तू लिही, म्हणून पेन माझ्या हातात.
ती वही आम्हाला विसरत नाही,
आम्हीच तिच्यात आपल्या हाताने उतरलो.
माझ्या वहीत कुणी सही केली नव्हती.

पायरीवर लॅपटॉप उघडला.
खात्री आहे? त्याने विचारलं.
आहे म्हटलं. तीनशेही गेले.

चौसष्ट तेवढा राहिलाय.
लॅपटॉपमध्ये नाही.